वेटिंग नंबर ३८ आलाय, थांबायचं की हातातली सीट घ्यायची?

राजापूरची_गंगा

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचत आले, आज पहिल्यांदा धागा काढतेय. लेक बारावी सायन्स झाली, सीईटी पीसीएम ग्रूपने दिली, मार्क बरे आहेत पण फार उंच नाहीत. कॅपच्या (म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) दुसऱ्या राऊंडला लोणेऱ्याला इलेक्ट्रिकल लागलंय, ते तिच्या फॉर्मवर चौथ्या नंबरला होतं. तिला हवंय कॉम्प्युटर किंवा आयटी. मधल्या काळात तिच्या मामाने आग्रह करून पुण्याच्या एका प्रायव्हेट युनिव्हर्सिटीची त्यांची वेगळी परीक्षा पण द्यायला लावली होती, तिथे कॉम्प्युटरला वेटिंग लागलंय, नंबर ३८. आता घरात दोन पार्ट्या पडल्यात. मिस्टर म्हणतात हातातलं घ्या नि मोकळे व्हा. मामा म्हणतो ३८ म्हणजे काहीच नाही, आठवड्यात क्लिअर होतं, लोणेऱ्याचं कन्फर्म केलंत तर पोर अडकेल. सासूबाई म्हणतात रत्नागिरीलाच बीएस्सी कर, शनिवार-रविवार घरी येशील. लेक काहीच बोलत नाहीये, मोबाईल घेऊन सड्यावर जाऊन बसते कारण घरात रेंज नाही नि मेल तिथेच उघडतो, आणि पाऊस तर असा लागलाय की छत्रीचा उपयोग नाही. कोणाला वेटिंगचा अनुभव आहे का? ३८ क्लिअर होतं का हो?

खाडीपल्याड

ताई तुमचं नाव बघून हसू आलं, राजापूरची गंगा कधी येईल ते जसं कोणी छातीठोक सांगू शकत नाही तसंच या वेटिंगचं. थट्टा सोडा, पण नुसत्या ३८ वरून कोणीच काही सांगू शकणार नाही. सीटा किती आहेत त्या ब्रँचला? ६० असतील तर ३८ लांब आहे, तीन-चार डिव्हिजन असतील तर तेवढं लांब नाही. हा ३८ सगळ्यांच्या एकत्र यादीतला की तुमच्या कॅटेगरीतला? आणि गेल्या वर्षी शेवटचा कोणता नंबर आत गेला? हे तिन्ही प्रश्न मेल करून विचारा, फोनवर विचाराल तर "होईल होईल, काळजी नको" एवढंच उत्तर मिळेल.

देवगडी_हापूस

गंगाताई, माका काय ता जास्त कळत नाय पण आमच्या शेजाऱ्याच्या झिलाचा सांगतंय. वेटिंग लागला म्हणान तेनी कॅपची सीट घेतलीच नाय. घरात सगळे रोज मोबाईल घेवन बसायचे. वेटिंग वीसापर्यंत इला नि थंयच थांबला. मगे सगळे राऊंड संपले, खंयच काय गावला नाय, वर्स फुकट गेला. आता दुसऱ्या वर्साक पॉलिटेक्निकाक गेलो मालवणाक, डिप्लोमा करता, बरो आसा. पण ता वर्स गेला ता गेला. हातातला सोडू नको गो बाय.

माजी_हेडक्लार्क

मी एका डिग्री कॉलेजच्या ऑफिसात प्रवेशाचं टेबल सांभाळायचो, आता रिटायर होऊन पोफळी शिंपतो. टेबलाच्या पलीकडून वेटिंग कसं दिसतं ते सांगतो, कारण पालकांना वाटतं आत कोणीतरी बसून नंबर पुढे-मागे करतं.

यादी हलते ती फक्त एका कारणाने, आत असलेला कोणीतरी बाहेर जातो म्हणून. आणि तो बाहेर कधी जातो? दुसरीकडे त्याचं लागलं की. म्हणजे पुण्याच्या तुमच्या त्या युनिव्हर्सिटीची यादी तिच्या स्वतःच्या तारखांवर हलत नसते, कॅपच्या राऊंडवर हलते. कॅपचा राऊंड जाहीर झाला की पुढच्या दोन-चार दिवसांत तिथली मुलं नावं काढतात, यादी धडाधडा पुढे सरकते, मग परत सगळं शांत. त्यामुळे मधल्या दिवसांत नंबर हलला नाही म्हणून रडायचं नाही नि एका दिवसात दहाने हलला म्हणून पेढे पण वाटायचे नाहीत.

दुसरं, शेवटी शेवटी आम्ही फोन करायचो. यादीवर एकेकाला लावायचा, उचलला नाही, परत लावायचा, नाही उचलला की पुढचा. अहो कितीतरी चांगल्या मार्कांची पोरं अशी राहिली. एकाने नंबर दिलेला काकांचा, काका बोटीवर. तुमच्याकडे रेंज नाही म्हणता तर फॉर्मवर दोन नंबर द्या, त्यातला एक अशा माणसाचा जो शहरात राहतो नि फोन उचलतो. मामाचा द्या, एवढा आग्रह त्यानेच केलाय ना.

तिसरं म्हणजे ओरिजिनल. कोणीही "दाखला नि मार्कशीट जमा करा, मग वेटिंगमध्ये प्राधान्य देऊ" म्हणालं तर देऊ नका. ओरिजिनल बघून, ताडून लगेच परत द्यायचे असा यूजीसीचा नियम आहे, ठेवून घ्यायचे नाहीत. टीसी तेवढा खरा प्रवेश घेताना लागतो. एकदा कागद अडकले की पोरगी अडकली.

राजापूरची_गंगा

खूप धन्यवाद काका, हे कोणी सांगितलंच नव्हतं. मेल केला होता, उत्तर आलं की नंबर ओव्हरऑल आहे, कॅटेगरीचा नाही, आणि गेल्या वर्षीचं विचारलं त्यावर "मूव्हमेंट व्हेरीज एव्हरी इयर" एवढंच. फी साडेतीन लाख वर्षाला, होस्टेल मेस वेगळं. मिस्टर गप्पच झाले आकडा ऐकून. यंदा आंब्याचं काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे.

लांज्याचा_सायबरवाला

ताई, मी दर सीझनला पोरांचे ऑप्शन फॉर्म भरतो त्यामुळे हे तोंडपाठ झालंय. तुमच्या भावाचं "कन्फर्म केलं तर अडकेल" हे अर्धवट आहे. दोन गोष्टी मिसळतायत.

कॅपमध्ये लागलेली सीट ॲक्सेप्ट करताना दोन पर्याय असतात, फ्रीझ करा किंवा बेटरमेंटसाठी थांबा. फ्रीझ म्हणजे मला हीच हवी, पुढच्या राऊंडला मी नाही. बेटरमेंट म्हणजे ही माझ्याकडे राहू द्या पण वरचं काही लागलं तर ते द्या. वरचं लागलं की खालची सीट आपोआप जाते, मग परत मागायला जाऊ नका, नाही मिळत. २०२५-२६ पासून चार राऊंड झाले आणि ऑटो-फ्रीझचा नियम आला. पहिल्या राऊंडला एक नंबरचा ऑप्शन लागला तर घ्यायचाच, दुसऱ्याला पहिल्या तिनातलं काही लागलं तर घ्यायचंच, तिसऱ्याला पहिल्या सहातलं. नाही घेतलं तर पुढच्या राऊंडमधून बाहेर. यंदाच्या पुस्तिकेत एकदा ताडून बघा, दरवर्षी काही ना काही बदलतात.

म्हणजे तुमचं गणित असं. दुसऱ्या राऊंडला चौथा ऑप्शन लागलाय, म्हणजे ऑटो-फ्रीझ नाही झालेला, वाचलात. आत्ता बेटरमेंट करा. पण तिसऱ्या राऊंडला ऑप्शन फॉर्म उघडेल तेव्हा झोपू नका, पहिल्या सहात जे टाकाल ते लागलं की तेच फायनल. नको असलेलं कॉलेज फक्त "भरायचं म्हणून" वरच्या सहात टाकू नका. गेल्या वर्षी माझ्याकडे एक पोरगा आला, मित्राने सांगितलं म्हणून पाचव्या नंबरला सिव्हिल टाकलेलं, तेच लागलं, आई-बाप माझ्या दुकानात येऊन भांडले.

आणि कॅपची सीट घेऊन नंतर पुण्याचं लागलं तर कॅपची रद्द करता येते की. ठरलेल्या कट-ऑफ तारखेच्या आत रद्द केली तर फी परत मिळते, हजार रुपये कापून. त्यामुळे अडकत वगैरे कोणी नाही. अडकतो तो तारीख चुकवणारा.

मुंबईचा_चाकरमानी

सगळे हातातलं घ्या हातातलं घ्या करतायत म्हणून थोडं उलट बोलतो. मी स्वतः २५ वर्षांपूर्वी घाबरून मिळेल ती ब्रँच घेतली, चार वर्षं नावडतं शिकलो नि नोकरी तिसऱ्याच लाईनीत केली. पोरीला कॉम्प्युटर हवंय तर तिला इलेक्ट्रिकलमध्ये ढकलू नका. पुण्यात एक्स्पोजर वेगळं असतं हो, कंपन्या, इंटर्नशिप, हॅकेथॉन. कर्ज मिळतं शिक्षणासाठी. कोकणातला माणूस कायम कमीत समाधान मानतो हा आपला जुना रोग आहे.

खाडीपल्याड

चाकरमानी दादा, कोणीच ढकलत नाहीये, बेटरमेंट करा म्हणतायत. आणि लोणेऱ्याचं कॉलेज म्हणजे कोणाच्या गोठ्यात काढलेलं नाही, डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे ते, १९८९ पासूनचं, राज्यभरातली कॉलेजं त्याला जोडलेली आहेत. साडेतीन लाखाचं एक्स्पोजर नि कर्जाचे हप्ते यांचा हिशोब मांडल्याशिवाय एक्स्पोजर शब्द वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

गंगाताई, एक विचारते, सगळ्यांसमोर नको असेल तर विपू (खाजगी निरोप) करा. तुमचं आरक्षण कशात आहे नि उत्पन्नाचा दाखला किती लाखाचा?

राजापूरची_गंगा

त्यात लपवायचं काय, ओबीसी. नॉन-क्रीमी लेयर आहे, जातीच्या दाखल्याची व्हॅलिडिटी अकरावीतच काढून ठेवलेली. उत्पन्न आठच्या खूप खाली.

खाडीपल्याड

मग हे वाचा आणि मामांनाही वाचायला द्या. ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय आहे. ओबीसी, ईडब्ल्यूएस नि एसईबीसी मुलींना, कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर प्रोफेशनल कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी शंभर टक्के माफ. आधी निम्मी होती. पण अट अशी की प्रवेश कॅपमधून झालेला पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून, इन्स्टिट्यूट लेव्हलला घेतला तर नाही. आणि प्रायव्हेट युनिव्हर्सिटी, खाजगी डीम्ड युनिव्हर्सिटी यांना ते लागूच नाही. म्हणजे लोणेऱ्याला ट्यूशन फी शून्य, होस्टेल-मेस तेवढं तुमचं. पुण्याला साडेतीन लाख गुणिले चार, अधिक राहणं-खाणं. वेटिंग क्लिअर झालं तरी जिंकलात असं समजू नका, क्लिअर झालं की खरा खर्च सुरू.

फॉर्म महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर भरायचा असतो, प्रवेश झाल्यावर लगेच भरा, आधार-बँक लिंक बघून ठेवा.

मुंबईचा_चाकरमानी

हा जीआर माहीत नव्हता. मग गणित वेगळं आहे, मान्य. तरी ब्रँचचं माझं म्हणणं कायम.

गुहागर_ते_जर्सी

इकडून, अमेरिकेतून थोडं. माझ्या भाचीला यंदा इथल्या एका युनिव्हर्सिटीने वेटलिस्ट केलं तेव्हा कळलं की इथलं प्रकरण अजून धूसर आहे. मार्चअखेरीला निकाल लागतात, १ मे पर्यंत कुठेतरी एका ठिकाणी डिपॉझिट भरून हो म्हणायचं असतं. वेटलिस्टची हालचाल बहुतेक त्या तारखेनंतरच, कधीकधी पार जून-जुलैपर्यंत. आणि बहुतेक कॉलेजं नंबरच देत नाहीत, यादीला क्रमच नसतो, त्यांना त्या वर्षी काय कमी पडलं ते बघून उचलतात. तुमच्याकडे निदान ३८ तरी सांगितलं.

इथे एक बरं आहे, बहुतेक कॉलेजं कॉमन डेटा सेट नावाची माहिती छापतात, त्यात सी-टू म्हणून भाग असतो, किती जणांना वेटलिस्टवर ठेवलं, किती जण थांबले नि त्यातले किती घेतले. तो उघडून भाचीच्या बापाला दाखवला तेव्हा तो शांत झाला, कारण काही ठिकाणी हजारो थांबलेले असतात नि घेतलेले हाताच्या बोटावर, कुठे तर शून्य. मग तिने दुसरीकडे डिपॉझिट भरलं आणि वेटलिस्टवाल्यांना एक छोटं पत्र धाडलं की मला अजून इंटरेस्ट आहे, मध्यंतरी हे हे केलं. एकच पत्र. रोज मेल करणाऱ्यांचं काही भलं होत नाही म्हणे. शिवाय वेटलिस्टमधून आत गेलं तर स्कॉलरशिपचे पैसे उरलेले असतीलच असं नाही, नि आधीचं डिपॉझिट बुडतं ते वेगळं.

माजी_हेडक्लार्क

जर्सीकर, आपल्याकडे कॅपमध्ये असल्या पत्राचा काही उपयोग नाही, तिथे मेरिट नि ऑप्शन फॉर्म, बस्स. त्या प्रायव्हेटवाल्यांना एक मेल टाकायला हरकत नाही की अजून इच्छुक आहोत, यादीतून नाव काढू नका. काही ठिकाणी "होय, थांबतो" असं पोर्टलवर टिक करावं लागतं, नाही केलं तर नाव गळतं. ते तपासा ताई.

राजापूरची_गंगा

टिक केलेलं आहे, आत्ताच बघितलं.

आज एक नवीनच. दुपारी फोन आला, बाई होती, गोड बोलणारी. लेकीचं नाव, पर्सेंटाइल, वेटिंग नंबर सगळं पाठ. म्हणाली तुमचं वेटिंग आम्ही क्लिअर करून देतो, आमचा कोटा आहे, दोन लाख वेगळे, अर्धे आज भरा कारण फक्त दोनच सीट उरल्यात. मी म्हटलं पावती मिळेल का, तर फोन ठेवला. मला आश्चर्य याचं वाटतंय की आमचा नंबर तिच्याकडे गेला कसा.

लांज्याचा_सायबरवाला

डेटा फुटतो ताई, क्लासवाले, "फ्री काउन्सेलिंग" च्या लिंका, एज्युकेशन फेअरला भरलेले फॉर्म. माझ्या दुकानात पण येतात असे एजंट, पोरांचे नंबर द्या, कमिशन देतो म्हणून. हाकलतो.

माजी_हेडक्लार्क

पावती विचारलीत ते उत्तम केलंत. ठरलेल्या फीच्या वर प्रवेशासाठी पैसे घेणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे, कॅपिटेशन फी बंदीचा कायदा १९८७ चा. प्रोफेशनल कोर्सच्या खाजगी कॉलेजांसाठी २०१५ च्या कायद्याने प्रवेश नियामक नि शुल्क नियामक अशी दोन प्राधिकरणं पण आहेत, तक्रार तिथे जाते. पण एजंटला दिलेले रोख पैसे परत मिळालेले मी तरी बघितले नाहीत. नंबर ब्लॉक करू नका, नुसता उचलू नका. उद्या तोच नंबर दुसऱ्या कोणाच्या तक्रारीत उपयोगी पडेल.

सुरमई_फ्राय

मधेच घुसतोय. फी भरायची असेल प्रायव्हेटला, तर आधी रिफंडचं वाचून भरा हा माझा आग्रह. यूजीसीचा २०१८ चा नियम असा आहे की प्रवेशाची जी शेवटची तारीख जाहीर केलेली असते तिच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलं तर शंभर टक्के परत (प्रोसेसिंगचे म्हणून ५ टक्के, जास्तीत जास्त ५००० कापू शकतात), त्या १५ दिवसांच्या आत ९०, तारीख उलटून १५ दिवसांपर्यंत ८०, तीस दिवसांपर्यंत ५०, मग काही नाही. नंतरच्या वर्षांत यूजीसीने स्वतंत्र सर्क्युलर काढून अजून सवलत दिली होती, त्यामुळे यंदाचं काय ते बघायचं. युनिव्हर्सिटी "नॉन रिफंडेबल" छापते पावतीवर, छापू दे, नियम तो नियम. फक्त रद्द करण्याचा अर्ज मेलवर करा म्हणजे तारीख राहते.

आणि अजून एक, आमच्याकडे वेटिंगवरून ऑफर आली ती रात्री, मुदत दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत. त्याच दिवशी वीज गेली, टॉवर बंद, ओटीपी येईना. बायको बाईकवरून मागे बसून घाट चढून गेली नि वरती एका टपरीत उभं राहून पेमेंट केलं. तुम्ही सड्यावर जाता म्हणालात म्हणून सांगतोय, बँकेला जोडलेला नंबर रेंजमध्ये राहील अशा माणसाकडे ठेवा, किंवा त्या दिवसांत मुलीला रत्नागिरीला कोणाकडे पाठवा. स्पॅम फोल्डर रोज बघा.

देवगडी_हापूस

सुरमईदादा, ह्या मात्र खरा बोललात. आमच्याकडे गणपतीत पण ओटीपी येवक दोन तास.

राजापूरची_गंगा

मंडळी अपडेट देते, मधे चार-पाच दिवस लाईटच नव्हती धड.

सायबरवाले दादांनी सांगितलं तसं बेटरमेंट केलं. तिसऱ्या राऊंडला वरचे सहा ऑप्शन लेकीने स्वतः लावले, मामाला विचारलं नाही, आम्हालाही नाही. लोणेऱ्याचंच आयटी लागलं, दुसऱ्या नंबरला टाकलेलं. ऑटो-फ्रीझ. फी माफीचा कागद लावून रिपोर्टिंगची तारीख घेतली. आणि बघा गंमत, काका म्हणाले तसंच झालं, राऊंड लागल्यावर पुण्याचं वेटिंग भराभर हललं, ३८ वरून ९ वर आलं, परवा रात्री मेल पण आला की सीट उपलब्ध आहे, दोन दिवसांत पैसे भरा. मामाने लगेच फोन केला, मी अर्धे घालतो म्हणाला, खरंच म्हणाला, त्याचं मन मोठं आहे, वाईट म्हणणार नाही मी. मिस्टर पण क्षणभर डळमळले. लेकीने वहीत दोन्हीकडचा चार वर्षांचा खर्च मांडून ठेवलेला होता, कधी मांडला कोण जाणे, ते पान मामाला व्हॉट्सॲपवर पाठवलं. मामाने अजून उत्तर दिलेलं नाही. थोडा रुसलाय बहुतेक, रक्षाबंधनाला बघू.

सासूबाईंना लोणेरे म्हणजे कुठे तेच कळत नाहीये, त्यांना माणगावजवळ सांगितलं तर म्हणतात मग तर मुंबईच झाली.

आता पुढचा प्रश्न. होस्टेल मिळेपर्यंत पोरीची सोय कशी करायची नि जाताना गाडी कोणती बरी?

लांज्याचा_सायबरवाला

अभिनंदन ताई!! पुण्याच्या सीटवर आता "नको" असं मेल करून कळवा, नुसतं सोडून देऊ नका, दहाव्या नंबरवर पण कोणाची तरी पोरगी बसलीय.

खाडीपल्याड

अभिनंदन गं. लोणेरे मुंबई-गोवा हायवेलाच आहे, एसटीने सरळ जाता येतं. रेल्वेने जायचं तर माणगावला उतरायचं नि पुढे रिक्षा किंवा एसटी, गोरेगाव रोड स्टेशन जास्त जवळ पण तिथे मोजक्याच गाड्या थांबतात. होस्टेलचा अर्ज रिपोर्टिंगच्या दिवशीच द्या, नंतर देतो म्हणालात तर तिथेही यादी असते. पहिले काही दिवस माझ्या नणंदेकडे महाडला राहू शकते, विपूत नंबर देते.

मुंबईचा_चाकरमानी

अभिनंदन. आयटी मिळालं ना, मग झालं. बाकी कोणाला अकरावीच्या ऑनलाईन प्रवेशाची माहिती आहे का? माझ्या पुतण्याने खेडमधली कॉलेजं भरली नि नाव लागलंय भलतीकडेच.

लांज्याचा_सायबरवाला

दादा त्याचा वेगळा धागा काढा, इथे नको. आणि पुतण्याचा ऑप्शन फॉर्म कोणी भरला ते आधी विचारा.